बूस्टचा आकडा छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरची पोस्ट बातमीत आली की तिच्या शेपटाला ‘इतक्या जणांनी शेअर केली’ हा आकडा बहुधा असतोच. एका कंपनीच्या मालकीच्या माध्यमावर तो निदान एकाच वहीतून उतरवलेला असतो. मास्टोडॉन आणि त्याच्या गोतावळ्यातल्या विकेंद्रित माध्यमांवर, म्हणजे एका कंपनीऐवजी अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून चालणाऱ्या माध्यमांवर, अशी एक वहीच नाही. तीच पोस्ट एका सर्व्हरवरून पाहिली तर १२ बूस्ट (शेअर करण्याला मास्टोडॉनवर बूस्ट म्हणतात) दिसतील, दुसऱ्यावरून ३४०, आणि दोन्ही सर्व्हर आपापल्या परीने खरेच सांगत असतात. असे का होते हे समजले की या जाळ्यात मजकूर फिरतो कसा हेही उलगडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मास्टोडॉन २०१६ साली आले. ते आज ज्या बोलीत इतरांशी बोलते, त्या अ‍ॅक्टिव्हिटीपबला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. पिक्सेलफेड, पीअरट्यूब, लेमी, मिसकी, फ्रेंडिका ही सगळी वेगवेगळ्या घडणीची सॉफ्टवेअर हीच बोली बोलतात, आणि त्यांच्या एकत्रित पसाऱ्याला फेडिव्हर्स म्हणतात. समजावून सांगताना प्रत्येक जण ई-मेलचे उदाहरण देतो. ते अर्धेच लागू पडते. ई-मेल पाठवणाऱ्याला पत्ता ठाऊक असतो. इथे पोस्ट लिहिणाऱ्याने पत्ता घातलेलाच नसतो. ज्या ज्या सर्व्हरवर त्याचा किमान एक फॉलोअर आहे तिथे पोस्ट पोचवली जाते, बाकीच्या हजारो सर्व्हरांना ती अस्तित्वात आहे याचीही गंधवार्ता नसते. सगळ्या जगाचा मजकूर गोळा करून त्यातले निवडक वाढणारे मध्यवर्ती यंत्र इथे नाही. मुख्य टाइमलाइन काळाच्या क्रमाने चालते: तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचे लेखन आणि त्यांनी बूस्ट केलेले, बस्स.

म्हणूनच बूस्टचे वजन इथे फार. एक हिशेब मांडून पाहू. लेखिकेचे २०० फॉलोअर आहेत आणि ते ३० सर्व्हरांवर विखुरलेले आहेत. तिची पोस्ट ३० ठिकाणी जाते, २०० ठिकाणी नाही, कारण एका सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी सामायिक टपालपेटी असते आणि तिथे एकच प्रत टाकली की पुरते. आता तिच्या एका फॉलोअरने पोस्ट बूस्ट केली. त्याचे फॉलोअर १५० सर्व्हरांवर आहेत. त्याचा सर्व्हर त्या १५० ठिकाणी एक छोटी सही केलेली चिठ्ठी धाडतो. तांत्रिक भाषेत तिला अनाउन्स म्हणतात, म्हणजे दवंडीच. गंमत अशी की त्या चिठ्ठीत मूळ मजकूर नसतो. असतो तो फक्त मूळ पोस्टचा पत्ता. चिठ्ठी मिळालेला सर्व्हर आधी पाहतो की ही पोस्ट आपल्याकडे आहे का. नसेल तर तो थेट लेखिकेच्या सर्व्हरकडे जाऊन ती मागून आणतो, स्वतःच्या साठ्यात ठेवतो आणि मग वाचकाला दाखवतो. समजा १५० पैकी १२० सर्व्हर तिच्यासाठी नवे होते. एका बूस्टने पोस्ट ३० सर्व्हरांवरून १५० वर गेली. शिवाय त्या नव्या सर्व्हरांवर ती हॅशटॅगच्या शोधातही सापडू लागली, जे आधी शक्यच नव्हते.

लाइकने यातले काहीच होत नाही. बंदिस्त माध्यमांवर लाइक दिले की यंत्रणा ती पोस्ट आणखी चार जणांपुढे सरकवते, त्यामुळे बोटाला तीच सवय लागलेली असते. मास्टोडॉनवर लाइक हा निरोप फक्त लेखकाच्या सर्व्हरकडे जातो. लेखकाला बरे वाटते, पोस्ट जागची हलत नाही. नवख्यांची जी नेहमीची तक्रार असते, ‘इथे कुणी वाचतच नाही’, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते: वाचले सगळ्यांनी, आवडलेही, पण पुढे कुणी ढकलले नाही.

आता आकड्यांकडे. बूस्टची चिठ्ठी बूस्ट करणाऱ्याच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांकडे जाते आणि लेखकाच्या सर्व्हरकडेही जाते. तिसऱ्याच कुठल्या सर्व्हरला तिच्याबद्दल कळण्याचे कारण नाही. त्यामुळे मूळ सर्व्हरला जवळपास सगळे बूस्ट ठाऊक असतात आणि इतरांना फक्त त्यांच्या दारात आलेले. लाइकचा आकडा तर मूळ सर्व्हराबाहेर आणखीच तोकडा. मास्टोडॉनच्या नव्या आवृत्त्या पोस्ट मागवताना मूळ सर्व्हरचे आकडेही विचारून घेतात, पण सगळे सर्व्हर नव्या आवृत्तीवर नसतात, आणि विचारलेला आकडा विचारल्या क्षणीच शिळा होऊ लागतो. उत्तरांची हीच गत. बूस्टबरोबर मूळ पोस्ट येते, तिच्याखालची उत्तरे आपोआप येत नाहीत. परिणामी एखाद्याने आधीच केलेली दुरुस्ती दिसत नाही आणि वीस जण तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा सुचवत राहतात. लेखकाला तो जमावाचा हल्ला वाटतो; प्रत्यक्षात प्रत्येकाला आपण पहिलेच आहोत असे दिसत असते. २०२५ मधल्या आवृत्त्यांत उत्तरे मागवून घेण्याची सोय आली आहे, तेव्हा हा त्रास हळूहळू कमी व्हावा.

बूस्ट फसतो तो कुठे? चिठ्ठीत फक्त पत्ता असल्याने मूळ सर्व्हर त्या घटकेला बंद असेल तर चिठ्ठी पोचूनही दाखवायला काही नसते. मूळ सर्व्हर कायमचा बंद झाला तर ज्यांनी आधी प्रत आणली त्यांच्याकडे ती राहते, नव्या सर्व्हरांपर्यंत मात्र ती पोस्ट बूस्टने पुन्हा कधीच जात नाही. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. त्या जुन्या घरीच राहतात. चिठ्ठी घेणाराच सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निरनिराळ्या सात दिवशी अपयश आले की मास्टोडॉन त्या सर्व्हरला अनुपलब्ध मानून त्याचा नाद सोडते, आणि तिकडून पुन्हा काही निरोप येईपर्यंत तिकडे काही जात नाही.

दुसरी अडचण लिंकची. पोस्टमध्ये एखाद्या संकेतस्थळाचा दुवा असेल तर त्याखाली शीर्षक आणि चित्राची चौकट दिसते. ती चौकट पोस्टबरोबर प्रवास करत नाही. प्रत्येक सर्व्हर स्वतः त्या संकेतस्थळावर जाऊन ती बनवतो. भरपूर फॉलोअर असलेल्या खात्याने दुवा बूस्ट केला की शेकडो सर्व्हर एकाच वेळी त्या पानावर येऊन आदळतात. मास्टोडॉन यासाठी प्रत्येक सर्व्हरला मिनिटाभराच्या आतला कुठलासा यादृच्छिक उशीर लावते. तरीही लहानसे संकेतस्थळ, त्यात पान दर वेळी नव्याने तयार होत असेल तर, मान टाकते. वृत्तपत्रांच्या तंत्र विभागांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पानाची तयार प्रत काही मिनिटे साठवून तीच देत राहिली तर ही लाट कळतही नाही.

खोडणे आणि दुरुस्त करणे हा बूस्टचा नाजूक भाग. मास्टोडॉनमध्ये पोस्ट दुरुस्त करण्याची सोय २०२२ पासून आहे. दुरुस्तीचा किंवा खोडल्याचा निरोप फॉलोअरांच्या सर्व्हरांना जातो आणि ज्यांनी बूस्ट केले त्यांच्या सर्व्हरांनाही जातो. पण बूस्ट करणाऱ्याच्या फॉलोअरांकडे जी प्रत गेली तिचा ठावठिकाणा मूळ सर्व्हरला नसतो. खोडल्याचा निरोप मधला सर्व्हर पुढे धाडतो, तेही तो तशा सॉफ्टवेअरवर चालत असेल तर. सगळीच सॉफ्टवेअर ते करत नाहीत. म्हणून बूस्ट होत होत दूर गेलेली पोस्ट पूर्णपणे मागे घेता येईल असे कुणी गृहीत धरू नये. सार्वजनिक म्हणजे सार्वजनिक.

मर्यादा कुठे आहेत तेही सांगायला हवे. पोस्ट फक्त फॉलोअरांसाठी असेल तर इतरांना तिच्यावरचे बूस्टचे बटण चालतच नाही. फक्त उल्लेख केलेल्यांसाठी असेल तरीही तेच. आडमार्गाने, म्हणजे स्क्रीनचे छायाचित्र काढून ती पुढे टाकणे, हे तिथे असभ्य समजले जाते आणि ते रास्तच आहे. सार्वजनिक पोस्टचेही छायाचित्र टाकले की मूळ पत्ता तुटतो, दुरुस्ती पोचत नाही, लेखकाला कळत नाही, आणि डोळ्यांनी न वाचणाऱ्या माणसाच्या यंत्राला त्यातले अक्षरही लागत नाही. चित्रांना वर्णन नसेल तर ती पोस्ट बूस्ट न करणारे लोक तिथे बरेच आहेत. लेखकाने वर्णन नंतर जोडले तरी चालते, ती दुरुस्ती म्हणून पोचते. वर्णनाला १५०० अक्षरांची जागा असते, पोस्टला मात्र मूळ मास्टोडॉनमध्ये ५००च.

स्वतःचा मजकूर जोडून दुसऱ्याची पोस्ट पुढे करणे, म्हणजे कोट करणे, मास्टोडॉनने कैक वर्षे जाणूनबुजून दिले नाही. टर उडवण्यासाठीच ते जास्त वापरले जाते, हे त्यामागचे कारण. २०२५ मध्ये ते आले ते लेखकाच्या परवानगीच्या अटीवर: कोणी कोट करावे हे लेखक ठरवतो आणि दिलेली परवानगी मागेही घेऊ शकतो. उशीर झाला, पण अट योग्य आहे असे माझे मत.

दुसऱ्या सर्व्हरच्या पानावर आवडलेली पोस्ट बूस्ट कशी करायची, इथे अनेक जण अडतात. त्या पानावर तुमचे खाते नसल्याने तिथले बटण तुम्हाला थेट उपयोगाचे नाही. पोस्टच्या तारखेवर किंवा वेळेवर टिचकी मारली की तिचे स्वतंत्र पान उघडते. त्याचा पत्ता उचला, आपल्या सर्व्हरवर लॉग-इन करून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि एंटर दाबा. तुमचा सर्व्हर ती पोस्ट तिथल्या तिथे मागवून आणतो. मग बूस्ट करा. एवढ्यानेच ती तुमच्या सर्व्हरला पहिल्यांदा माहीत झालेली असू शकते. टाइमलाइन काळाच्या क्रमाने चालत असल्याने मध्यरात्रीचा बूस्ट सकाळपर्यंत तळाला जातो. आठ-दहा तासांनी बूस्ट काढून पुन्हा करणे यात गैर काही नाही. लागोपाठ करण्यात मात्र अर्थ नाही: एखाद्याच्या टाइमलाइनवरच्या ताज्या ४० नोंदींत ती पोस्ट आधीच असेल तर मास्टोडॉन तिला पुन्हा दाखवतच नाही. आणि कुणी दिवसभर बूस्टच करत असेल तर त्याला फॉलो ठेवून फक्त त्याचे बूस्ट लपवता येतात. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

लेमीसारख्या चर्चागटांच्या सॉफ्टवेअरमध्ये गट स्वतःच एक खाते असतो आणि गटात आलेली प्रत्येक पोस्ट तो आपणहून सगळ्या सदस्यांकडे अनाउन्स करतो. मास्टोडॉनवरून एखाद्या गटाचा उल्लेख केला तर तुमची पोस्टही अशी वाटली जाते. नुसता नामोल्लेख केला आणि शेकडो अनोळखी लोक उत्तरे द्यायला आले, याचे इंगित हे.

ब्लूस्काय या दुसऱ्या विकेंद्रित माध्यमाची तऱ्हा निराळी. तिथे रिपोस्ट, म्हणजे तिथला बूस्ट, ही तुमच्या स्वतःच्या नोंदसाठ्यातली एक छोटी नोंद. तिच्यात मूळ पोस्टचा पत्ता आणि तिच्या मजकुराचा गणिती ठसा असतो. सगळ्या साठ्यांतल्या नोंदी रिले नावाची यंत्रणा एका प्रवाहात ओतते आणि त्यावरून मोजदाद होते, म्हणून आकडा सगळ्यांना सारखा दिसतो. त्याची किंमत अशी की तो अख्खा प्रवाह साठवून मोजदाद करणारी यंत्रे मोठी लागतात, ती ऐऱ्यागैऱ्याला चालवता येत नाहीत. नॉस्टर या आणखी एका विकेंद्रित जाळ्यात रिपोस्टच्या पोटात सहसा मूळ पोस्ट पूर्णच असते, लेखकाच्या सहीसकट. मूळ ठिकाण बंद पडले तरी ती फिरत राहते आणि सही ताडून अस्सलपणाही पाहता येतो. खोडणे तिथे केवळ विनंती असते. मास्टोडॉनला पत्ता मेल्याची भीती, नॉस्टरला मजकूर न मरण्याची.

तेव्हा आपल्या वार्ताहरांसाठी एवढे सुचवतो. अशी पोस्ट उद्धृत करताना खात्याचे नाव सर्व्हरच्या नावासह पूर्ण द्यावे, कारण तेच नाव दुसऱ्या सर्व्हरवर दुसऱ्याच माणसाचे असू शकते. बूस्टचा आकडा द्यायचाच असेल तर तो मूळ सर्व्हरच्या पानावर जाऊन पाहावा आणि पाहिल्याची तारीख-वेळ सोबत छापावी. बातमी छापण्याआधी तेच पान पुन्हा उघडून मजकूर दुरुस्त झाला आहे का ते तपासावे. दुरुस्त केलेल्या पोस्टवर तशी खूण असते, आणि तिच्यावर टिचकी मारली की आधीचा पाठही वाचता येतो.

आपला,
एक वाचक