गॉलचा तट आणि आमची नहर : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात राहणारा, पाणीपुरवठ्याच्या कामावर ३४ वर्षे काढून निवृत्त झालेला उपअभियंता आहे. गेल्या हिवाळ्यात पत्नीसह श्रीलंकेला जाण्याचा योग आला आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल या तटबंदीच्या गावात आम्ही चार दिवस राहिलो. तिथे जे पाहिले त्याने मला आपल्याच शहराचा आठवडाभर विचार करायला लावला, म्हणून हे पत्र. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही, पण गॉल कसे आहे हे सांगितल्याशिवाय माझे मागणे कळणार नाही, म्हणून थोडा विस्तार करतो.

गॉल हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी क्रिकेटच्या समालोचनात ऐकलेले असते. मैदानाच्या मागे जो काळपट तट दिसतो आणि ज्यावर बसून लोक तिकिटावाचून कसोटी पाहतात, तोच तो किल्ला. कोलंबोहून रेल्वेने निघालो की बराच काळ समुद्र उजव्या हाताला अगदी रुळालगत चालत राहतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे पहिली तटबंदी घातली, १६४० मध्ये डचांनी ती जिंकून घेतली आणि सबंध भूशिराला वेढा घालणारा १४ बुरुजांचा कोट उभारला. १७९६ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. जुन्या दरवाज्यावर आतल्या बाजूला डच कंपनीचे १६६९ सालचे कोंबड्याचे चिन्ह आहे आणि बाहेरच्या बाजूला ब्रिटिश राजमुद्रा. आमच्या शहराचा तट औरंगजेबाने मराठ्यांच्या धास्तीने १६८२ मध्ये बांधून घेतला, म्हणजे दोन्ही कामे साधारण एकाच पिढीतली आहेत. ही तारखांची जवळीक दरवाज्याखाली उभे असतानाच माझ्या मनात आली आणि पुढचे चार दिवस ती काही सुटली नाही.

तटाच्या भिंतीला हात लावून पाहिला तर काळ्या ग्रॅनाइटच्या दगडांमध्ये पांढरट, सच्छिद्र, मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी असलेले तुकडे बसवलेले दिसतात. ते प्रवाळ आहे. समुद्रातून काढलेले प्रवाळ दगडाबरोबर बांधकामात वापरायचे, ही तिथली रीत. बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांनी आराखडा आपल्या देशाचा आणला, पण माल, मोजमापे आणि हात तिथलेच घेतले, आणि म्हणूनच ते बांधकाम त्या हवेत टिकले असावे असे एक अभियंता म्हणून मला वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तटाबाहेरचे नवे गाव, बसस्थानक आणि क्रिकेटचे मैदान उद्ध्वस्त झाले, तटाच्या आतली वस्ती मात्र बरीचशी वाचली. मैदानावर पुन्हा कसोटी खेळली जायला २००७ चा डिसेंबर उजाडला. तोफांसाठी बांधलेली भिंत तीनशेहून अधिक वर्षांनी पाण्याला आडवी आली.

पण मला खरे वेड लावले ते जमिनीखालच्या कामाने. डचांनी अठराव्या शतकात त्या गावाखाली विटांच्या गटारांचे जाळे घातले आणि ती गटारे समुद्राच्या पाण्याने धुऊन निघतील अशी योजना केली. त्यासाठी ट्रायटन नावाच्या बुरुजावर पवनचक्की होती आणि तिच्या जोरावर समुद्राचे पाणी उचलले जाई. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या वयस्क मालकांना मी माझा व्यवसाय सांगितला, तेव्हा ते हसले आणि संध्याकाळी मला गल्लीच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथे दगडी फरशीत एक लोखंडी जाळी होती. त्यांनी काठीने जाळी ठोकली, आम्ही दोघे वाकलो आणि मी मोबाइलची बॅटरी आत धरली. सुमारे पुरुषभर खोल, वर कमान असलेली विटांची वाट, तळाशी वीतभर पाणी आणि ते पाणी एका दिशेला सरकत होते. ढाळ अजून शाबूत होता! पत्नीला वाटले की माझी काही वस्तू आत पडली आहे, इतका वेळ मी गुडघ्यावर बसून राहिलो.

त्याच गावातली आणखी एक गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंना आवडेल. चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतला, १४०९ सालचा मजकूर असलेला चिनी दर्यावर्दी झेंग ह याचा प्रसिद्ध शिलालेख १९११ मध्ये गॉलमध्येच एका अभियंत्याला सापडला, आणि सापडला तेव्हा ती शिळा मोरीवर टाकलेली होती. आज ती कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोऱ्या उघडून पाहणारी माणसे सरकारी नोकरीत असावीत, एवढेच या निमित्ताने सुचवतो.

गॉलचा किल्ला जपला गेला त्याचे कारण माझ्या मते असे की तो कधी रिकामा केला गेला नाही. तटाच्या आत आजही कुटुंबे राहतात, मशिदीत नमाज होते, १७५५ च्या डच चर्चमध्ये जुन्या थडग्यांच्या शिळांवरून चालत लोक प्रार्थनेला जातात, न्यायालय आहे, शाळा सुटली की पांढऱ्या गणवेशातली मुले तटावर पतंग उडवतात. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या सबंध गावाची, एखाददुसऱ्या इमारतीची नव्हे, आणि १९९४ मध्ये श्रीलंकेने गॉलसाठी स्वतंत्र कायदा करून वारसा प्रतिष्ठान स्थापन केले. आमच्या घरमालकांची तक्रार होती की रस्त्याकडच्या ओसरीचा एक खांब बदलायचा तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. परंतु खेटे कुठे घालायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि मला त्याचाच हेवा वाटला. तिथे सगळे आलबेल आहे असेही नाही. भाव वाढल्यामुळे जुन्या रहिवाशांनी घरे विकली, त्यांची हॉटेले आणि दागिन्यांची दुकाने झाली, काही गल्ल्यांत रात्री राहणारा माणूस सापडत नाही. तो भाग आपण उचलू नये.

आता आमच्याकडे वळतो. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे आमचे शहर, वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला आणि त्याच काळात शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी खोदवली. पंप नाही, इंधन नाही, केवळ ढाळ आणि ठरावीक अंतरावर हवा खेळण्यासाठी ठेवलेले उसासे, म्हणजे नहरेतून वर जमिनीवर उघडणाऱ्या उभ्या वाटा. पुढे पाणचक्कीपर्यंत खापरी नळांतून आणलेले पाणी उंचावरून सोडून त्यावर जाते फिरवले गेले. गॉलला वाऱ्यावर पाणी उचलले जाई, आमच्याकडे पाण्यावर पीठ दळले जाई. कोणते काम अधिक हुशारीचे, यावर मी आमच्या घरमालकांशी रात्री दीड तास वाद घातला आणि तो अनिर्णित राहिला.

बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून आमचा लौकिक सांगितला जातो. त्यांतले थोडे आज उभे आहेत. मधल्या काळात काहींची डागडुजी झाली, दिवे लागले, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण दिल्ली दरवाजा घ्या किंवा रोशन गेट घ्या, दोन्ही बाजूंनी वाहने वाहतात आणि मध्ये दरवाजा बेटासारखा अडकून पडला आहे. ज्या भिंतीत तो बसवलेला होता ती भिंत कुठे घराच्या पाठीत, कुठे गोठ्यात, कुठे नाल्यात गेली. भिंतीवाचून दरवाजा म्हणजे चौकट विकून टाकलेल्या घराचे कुलूप. रंगीत दिव्यांनी हे दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

नहरेची गत याहून वाईट आहे, कारण ती दिसतच नाही. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर नहरेचा एक उसासा आहे. लहानपणी त्यात खडा टाकला की खालून पाण्याचा आवाज येत असे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधकामाचा राडारोडा त्यात ओतलेला मी पाहिला. विटांचे तुकडे, फरशीचे कपरे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि सर्वांत वर एक फुटका कमोड. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवले, दुसऱ्यांनी तिसरीकडे. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी अर्ज नीट वाचला आणि फार सौजन्याने विचारले, "काका, पण ही नहर नेमकी कोणाच्या यादीत आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. अर्जाची पोचपावती मात्र आहे. त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते, हेही नमूद करतो.

महोदय, त्या साहेबांचा प्रश्न खोटा नव्हता. राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने एकेक वास्तू वा जागा संरक्षित घोषित होते. दरवाजा यादीत येऊ शकतो, मकबरा आणि देवगिरी केंद्राकडे आहेत, परंतु डोंगरापासून शहरापर्यंत अनेक वस्त्यांखालून, शेतांखालून आणि रस्त्यांखालून जाणारी नहर किंवा तुकड्यातुकड्यांनी उरलेली तटाची रेघ कोणत्याच एका टेबलावर पूर्ण मावत नाही. म्हणून माझी विनंती अशी की शासनाने जुन्या शहरासाठी गॉलच्या धर्तीवर एकच अधिकृत मंडळ नेमावे, त्याच्याकडे दरवाजे, तट आणि नहर ही तिन्ही एकत्र द्यावीत आणि त्यात तटालगत राहणाऱ्या रहिवाशांना निम्म्या जागा द्याव्यात. अतिक्रमण म्हणून ज्यांना नोटिसा जातात त्यांतल्या कित्येकांच्या तीन पिढ्या त्या भिंतीला पाठ लावून राहिल्या आहेत. त्यांना उठवून तिथे हिरवळ केली तर भिंतीवर लक्ष ठेवणारा माणूसच नाहीसा होईल.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली तेव्हा आम्हीही पेढे वाटले. त्यांत मराठवाड्यातला एकही किल्ला नाही याची खंत मी इथे मांडत नाही, तो निकष वेगळा होता. मात्र त्या बारांत पन्हाळा आहे आणि पन्हाळ्यावर आजही माणसे राहतात. म्हणजे राहत्या वस्तीसह वारसा कसा सांभाळायचा हा प्रश्न आपल्या खात्यासमोर तसाही आलेलाच आहे. तिथे जे नियम ठरतील ते आमच्याकडे आणताना मुंबईहून तयार आराखडा पाठवू नये, आधी नहरेत माणूस उतरवावा.

मंडळ होईल तेव्हा होईल. या उन्हाळ्यात, पाणी तळाला असताना, नहरेच्या सर्व उसाशांची मोजणी मात्र करता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही. चार माणसे, एक दोर, टेप, लेव्हल आणि बॅटरी पुरते. माझ्या नोकरीच्या काळात आणि नंतर मी जेवढे उसासे डोळ्यांनी पाहिले त्यांचा हाताने काढलेला नकाशा मंत्रालयात पाठवत असलेल्या या पत्राच्या प्रतीसोबत जोडला आहे. त्यातले काही आता घरांच्या अंगणात आहेत, तिथल्या लोकांना मी ओळखतो आणि ते दार उघडतील. मोजणीचा दिवस ठरला की कळवावे, मी सकाळी सातला भडकल दरवाज्यापाशी येऊन थांबेन.

आपला नम्र,
एक निवृत्त उपअभियंता
छत्रपती संभाजीनगर