झीज वेगळी, छाप वेगळी

फोंडा, गोवा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आजीच्या डब्यातल्या पोर्तुगीज अमदानीतल्या दोन्ही चांदीच्या रुपयांचे फोटो मोठे करून पाहिले. तिथल्या दुकानदाराने 1881 चा रुपया ‘घासलेला’ म्हणून बाजूला सारला आणि 1882 चा चकचकीत म्हणून त्याला चढा भाव सांगितला, हे वाचून राहवेना. माझं मत नेमकं उलट आहे.

नाणं सपाट दिसतं ते दोन कारणांनी. एक झीज, म्हणजे हाताहातांतून फिरून उंच भाग घासला जाणं. दुसरं, टांकसाळीतच छाप कच्ची बसणं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि नेमका त्याच्या पाठीशी ढालीचा उठाव आला, की दोन्हीकडच्या खाचा भरायला मधली चांदी पुरत नाही. मग कानावरचे केस पहिल्या दिवसापासूनच बोथट. अशा नाण्याला झिजलेलं म्हणणं अन्याय आहे. तुझ्या 1881 च्या रुपयावर पोर्तुगालच्या लुईस राजाचे केस पुसट आहेत खरे, पण गाल भरलेला आहे आणि कडेची अक्षरं अजून धारदार आहेत. वापरून झिजलेल्या नाण्यात गाल असा राहत नाही.

तरी फोटोवर पक्कं सांगणार नाही. एकाच दिव्याखाली नाणं कडेला धरून हळूहळू कलतं कर आणि व्हिडिओ पाठव. न वापरलेल्या चांदीवर उजेडाची पट्टी गोल फिरते. ती केसांच्या सपाट जागेवरूनही न तुटता सरकली तर छाप कच्ची. तिथेच मरून करडी झाली तर झीज, आणि मग दुकानदाराचं म्हणणं मी मान्य करीन. भिंगातून त्या सपाट जागेवर छाप पडण्याआधीच्या कोऱ्या चकतीचे बारीक खड्डे दिसले, तर तीही कच्च्या छापेचीच खूण. ठशाने ती जागा नीट दाबलीच नाही म्हणून ते उरलेले असतात.

कच्ची छाप हा दोष नाही असं मात्र समजू नकोस. हे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेले, इंग्रजी रुपयाच्याच वजनाचे. त्यांच्याकडून एकसारख्या छापेची अपेक्षा असते, म्हणून किंमत थोडी उतरणारच. पण ती छापेपायी उतरावी, ग्रेड, म्हणजे झिजेवरून ठरणारी प्रत, खाली ओढून नव्हे. अगदी यूएनसी, म्हणजे मुळीच न वापरलेल्या, नाण्याचीही छाप कच्ची असू शकते. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोव्यात नाणी पाडायला सुरुवात केली, तेव्हापासून पुढे कितीतरी काळ इथलं काम हातोड्याचं होतं. तिथे वाकडी चकती, अर्धवट सन हे चालायचंच. आपल्या शिवराईवर, शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलेलं किती वेळा सापडतं? त्या नाण्यांना यंत्राचं माप लावणं मला पटत नाही.

आता तो चकचकीत रुपया. त्याच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघा आहेत, दंतमंजन लावून घासल्यासारख्या. अक्षरांच्या कोपऱ्यांत लाल दिसतं ते कुंकू; दर लक्ष्मीपूजनाला तो ताटात असायचा. मुकुटाच्या वर कडेशी उंचवटा आहे, तिथे कधीतरी गळ्यातल्या माळेसाठी कडी डाखली असणार. ग्रेड ठरवणाऱ्या संस्था अशा नाण्याला प्रतीचा सत्तरपैकी आकडा देत नाहीत, नुसता घासल्याचा, डाखल्याचा शेरा लिहितात. आपल्या घरात तो पूजेचाच रुपया राहू दे. बाजारात त्याला चांदीपेक्षा फार वरचा भाव मिळणार नाही आणि तसा चढा भाव सांगणाऱ्याला नाणं कळत नाही.

दोन्ही सोनाराच्या काट्यावर तोलून घे. नव्याचं वजन 11.66 ग्रॅम, झिजेने किंचित कमी भरेल, पण जास्त भरलं किंवा कडेवर दात्यांच्या मधोमध सांध्याची रेघ दिसली तर लगेच कळव, ओतीव नकला पुष्कळ फिरतात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आजच काढ, त्या पीव्हीसीने नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. 1881 च्या रुपयाचा काळसरपणा अजिबात घालवू नकोस, चिंच नको की सोडा नको. व्हिडिओ पाहून मी कळवेपर्यंत दोन्हींपैकी एकही विकू नकोस. चवथीला येशील तेव्हा कागदाच्या घडीत वेगवेगळे गुंडाळून आण.

तुझे,
बाबा