ट्रॅक्टर गाडीत चढवला म्हणजे बांधला असं होत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दसरा-पाडवा जवळ आला की तुमच्या पेपरात पानपानभर ट्रॅक्टरच्या जाहिराती येतात. पण तो ट्रॅक्टर शोरूमपासून गावापर्यंत, किंवा जुना असला तर बाजारापासून घरापर्यंत कसा येतो यावर कोणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. कोरेगाव तालुक्यात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, बंद पडलेले ट्रॅक्टर पिकअपमधून नाहीतर ट्रकमधून आमच्या दारात येतात आणि कसे बांधलेले असतात ते बघून डोक्याला हात लावायची वेळ येते. पुढच्या चाकाला एक दगड, मागच्या चाकाला एक दगड, गिअर टाकलेला, आणि मडगार्डवरून फिरवलेली एक निळी प्लास्टिकची दोरी. गोठ्यात म्हैस बांधायला पण यापेक्षा बरं दावं लागतं.

४५-५० एचपीचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास भरतो. मागच्या टायरांत पाणी भरलेलं असलं, आणि नांगरटीवाले भरतातच, तर अजून तीन-चारशे किलो धरा, हे पाणी वजनात कोणीच मोजत नाही. आता साठच्या स्पीडला मधी कुत्रं आलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर ट्रक थांबतो पण हौद्यातला ट्रॅक्टर थांबत नाही, तो सरळ केबिनच्या दिशेनं निघतो. युरोपात माल बांधायचं जे स्टँडर्ड आहे त्यात हाच हिशेब धरलाय, पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला नि मागं ५० टक्के जोर अडवता आला पाहिजे. म्हणजे दोन टनाच्या ट्रॅक्टरला पुढं जाण्यापासून अडवायला सोळाशे किलोची ताकद पाहिजे, ती त्या निळ्या दोरीत कुठून येणार? आणि बाजूचा जोर म्हणजे काय ते बघायचं असेल तर साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर जे एस आकाराचं वळण लागतं तिथं भरल्या गाडीत बसून बघा.

सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "गिअरमधी आहे की, कुठं जातोय." अहो गिअरमध्ये ट्रॅक्टर थांबतो तो इंजिनच्या कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेच्या अडथळ्यावर, आणि तुम्ही गॅरेजला आणताय तोच मुळात इंजिनातले रिंग-लायनर झिजून गेलेला, त्याला कॉम्प्रेशन राहिलंय कुठं. तो गिअरमध्ये असून पण चढ-उताराला हळूहळू सरकतो. शिवाय धक्क्यांनी गिअर सुटतो. हँडब्रेक तर जुन्या ट्रॅक्टरला नावालाच असतो. तरी गिअर लो मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, दोन ब्रेक पेडलची पट्टी जोडून ठेवा, हे सगळं करायचंच, पण हे म्हणजे बांधणं नव्हे.

ट्रॅक्टरची अजून एक गंमत म्हणजे त्याचा पुढचा एक्सल मधल्या सेंटर पिनवर झोके घेतो, शेतात उंचसखल जागेत चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून ते तसं केलेलं असतं. त्यामुळे नुसता पुढचा एक्सल आवळून बांधला तरी वरचं धूड डावी-उजवीकडं डुलतंच. त्यात मागचे टायर मोठे आणि हवा कमी, खड्ड्यात गाडी आपटली की ट्रॅक्टर टायरवर उडी मारतो, उडी मारली की दोरी ढिली, दोरी ढिली झाली की पुढची उडी अजून मोठी. साखळी किंवा बेल्ट खाली ओढून, टायर थोडे दबेपर्यंत आवळायचे ते यासाठीच.

बांधायचं तर चार कोपऱ्यांना चार वेगवेगळे बांधा, एकच लांब दोरी सगळीकडून फिरवून नाही, कारण ती एका जागी तुटली की सगळं गेलं. पुढं वजनं लावायचं जे ब्रॅकेट असतं ते किंवा चेसिसचा जाड भाग धरा, मागं एक्सलचं हाउसिंग (वरचं जाड कवच) किंवा ड्रॉबारचा, म्हणजे ट्रॉली जोडायच्या दांड्याचा सांगाडा. पुढचे दोन पुढच्या बाजूला ओढा, मागचे दोन मागच्या बाजूला, आणि तिरके बाहेरच्या अंगाला. आणि कृपा करून स्टिअरिंगच्या रॉडला काही बांधू नका, वाकलेले टायरॉड घेऊन लोक येतात आणि वर म्हणतात ट्रॅक्टर एका बाजूला ओढतोय. लिफ्टचे आर्म, मडगार्ड, टपाचे पाइप हे पण नाही. मागं नांगर-रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो काढून वेगळा बांधा, रोटाव्हेटर एकटाच चारशे किलोच्या आसपास असतो, आणि काढायचा नसेल तर हायड्रॉलिक पूर्ण खाली करून लाकडावर टेकवा, उचललेला ठेवून प्रवास नको.

बेल्ट घ्यायचा तर ५० एमएमचा रॅचेटवाला, म्हणजे दांडा मागं-पुढं करून आवळायचा पॉलिस्टर बेल्ट, त्यावर निळं लेबल असतं आणि किती वजनाला चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, लेबल नसलेला घेऊच नका. "पाच टनी" म्हणून विकतात तो पाच टनाला तुटतो, सरळ ओढीला वापरायचा अडीच टनाच्या हिशेबानं. कडेवर घासत असेल तर मधी जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. साखळी बेस्टच, ग्रेड ८० ची (जास्त ताकदीच्या पोलादाची) ८ एमएम साखळी दोन टनाला चालते, १० एमएमची तीन टनाच्या वर. विहिरीवरची जुनी साखळी आणि बोल्टनं जोडलेली कडी मात्र साखळी म्हणून धरू नका. नायलॉनची दोरी ताणते, प्लास्टिकची उन्हानं कुजते, आणि कुठल्याही दोरीला गाठ मारली की तिची ताकद निम्म्यावर येते, आपल्याकडं तर गाठीवर गाठ असते.

पण बांधायचं कशाला हा खरा प्रॉब्लेम आहे. ट्रकच्या हौद्याला खालून जे हूक असतात ते ताडपत्रीच्या दोरीसाठी, दोन टनाचा झटका आला की ते सरळ होतात. बॉडी बांधतानाच चेसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या पट्टीला) जाड कड्या वेल्ड करून घेतल्या तर किती खर्च येतो? गाडीच्या नंबर प्लेटवर लिंबू-मिरची लटकवायला विसरत नाहीत, चार कड्या मात्र कोणाला सुचत नाहीत.

छोट्या ट्रॅक्टरचं वेगळंच. द्राक्षबागेतले १८-२४ एचपीचे मिनी ट्रॅक्टर लोक पिकअपमध्ये घालतात, वजन बसतं हे खरं, पण तोंड केबिनकडं करून चढवतात. ट्रॅक्टरचं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं, म्हणजे सगळा भार आला पिकअपच्या शेपटाला, पुढची चाकं हलकी झाली आणि स्टिअरिंग हातात राहिना. मिनी ट्रॅक्टर उलटा म्हणजे रिव्हर्समध्ये चढवला तर जड बाजू केबिनकडं राहते आणि फळीवर चढताना मागं पलटी व्हायची भीती पण कमी. मागचा फाळका उघडा टाकून अर्धा ट्रॅक्टर बाहेर काढून चालणाऱ्यांसाठी सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये बाहेर आलेल्या मालाला २० हजारांचा दंड आहे.

आता जबाबदारी कोणाची. ट्रकवाला म्हणतो माल तुमचा तुम्ही बांधा, शेतकरी म्हणतो ड्रायव्हरला जास्त कळतं, विकणारा म्हणतो गेटबाहेर गेला की आमचा संबंध संपला, आणि नाक्यावरचे साहेब कागद बघतात, वजन बघतात, दोरीकडं बघत नाहीत. अमेरिकेत साडेचार टनाच्या वरच्या मशीनला कमीत कमी चार ठिकाणी बांधायचा नियमच आहे आणि सगळ्या बांधणीची मिळून किती ताकद पाहिजे ते पण ठरवून दिलंय. आपल्याकडं आरटीओने मनावर घेतलं तर पासिंगच्या वेळी कड्या बघायला काय हरकत आहे. आणि डीलर लोकांनी सात-आठ लाखांच्या ट्रॅक्टरबरोबर चार बेल्ट गाडीवाल्याच्या हातात दिले आणि पुढच्या डिलिव्हरीला परत घेतले तर त्यांचं दिवाळं निघणार नाही.

इन्शुरन्सचं पण बघून ठेवा. फुल इन्शुरन्स असेल तर रस्त्याने वाहून नेताना झालेलं ट्रॅक्टरचं नुकसान पॉलिसीत धरलेलं असतं, नुसतं थर्ड पार्टी असेल तर एक रुपया मिळत नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरला बहुतेकांचं थर्ड पार्टीच असतं.

अजून दोन गोष्टी. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन बेल्ट परत आवळा, पहिल्या टप्प्यात टायर बसतात आणि सगळं हमखास ढिलं होतं, घाट सुरू व्हायच्या आधी परत एकदा हात लावून बघा. आणि टर्बोवाला (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेला) ट्रॅक्टर असेल तर सायलेन्सरच्या तोंडावर डबा नाहीतर पिशवी बांधा, वाऱ्याने टर्बो फिरत राहतो आणि इंजिन बंद असल्यामुळे त्याला ऑइल मिळत नाही. फक्त घरी पोचल्यावर स्टार्टर मारायच्या आधी ती काढा.

आपला,
एक ट्रॅक्टर मेकॅनिक, ता. कोरेगाव, जि. सातारा