डेम्पस्टरच्या रस्त्यावरून पेडण्याला

इनुविक, कॅनडा
11 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी आमचा सगळा सायकलींचा गट इनुविकला सुखरूप पोचला. आई, गुडघा ठीक आहे. तुझा पहिला प्रश्न तोच असणार, म्हणून आधी लिहिलं. फोनवर आवाज तुटत होता आणि बाबांना रस्त्याचं सगळं नीट सांगायचं होतं, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो दादाला पाठवतेय. तो छापून आणून देईल. सावंतवाडीला मामालाही एक प्रत द्या.

बाबा, तुमचा जन्म पीडब्ल्यूडीच्या रस्त्यांवर गेला, तेव्हा रस्त्यापासूनच सुरू करते. युकॉन प्रांतातल्या डॉसन सिटी या गावापासून साधारण 40 किलोमीटरवर या डेम्पस्टर हायवेचा फाटा लागतो. तिथून इनुविकपर्यंत 736 किलोमीटर, आणि डांबर जवळजवळ नाहीच, सगळी खडी. काम 1959 ला सुरू झालं, मध्ये बरीच वर्षं बंद पडलं आणि रस्ता खुला झाला 1979 ला. इथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा सुटतो. ते वरचं शेवाळ खरवडलं की उन्हाची धग आत जाते, बर्फ वितळतो आणि जमीन खचते. म्हणून या लोकांनी खणलंच नाही. होती त्या जमिनीवर खडीचा भराव टाकला, 1.2 मीटरपासून काही ठिकाणी 2.4 मीटरपर्यंत जाडीचा. खालचा बर्फ थंड राहावा, यासाठी एवढी जाडी. सायकलवरून हे सतत दिसत राहतं: आपण उंच भरावावर, दोन्हीकडे खाली दलदल, आणि तिच्यात स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची, बुटकी झाडं. त्यातली कित्येक कलंडलेली, कारण मुळांखालचा बर्फ हललेला.

फाट्यापासून पहिलं दुकान, पहिलं हॉटेल, पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्सला, 369 किलोमीटरवर. पत्रादेवीहून पोळ्यापर्यंत अख्खा गोवा दोनदा ओलांडला तरी एवढं अंतर भरत नाही. तिथे हॉटेल का, तर तिथे कातळ वर आलेला आहे. पाया कातळावर बसला, म्हणजे खालचं काही वितळायची भीती नाही. जागा निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तुम्हीही केला असतात.

पाऊस आम्हाला ओगिल्वी नदीच्या बाजूला लागला. आपल्यासारखा कोसळणारा नाही, नुसती बारीक झड, पण दिवसभर. धूळ बसावी म्हणून खडीवर कॅल्शियम क्लोराइड मारतात, आणि भिजल्यावर त्याचा जो चिखल होतो तो चवथीच्या मूर्तीसाठी मळलेल्या चिकणमातीसारखा. चाक आणि फ्रेमच्या मध्ये तो असा भरला की चाक फिरेना. सामानासकट सायकल ढकलायची, थांबायचं, काटकीने चिखल उकरायचा, पुन्हा ढकलायचं. सुकू दिला तर दगड होतो, म्हणून ओढा दिसला की आधी चेन आणि ब्रेक धुवायचे, पाणी प्यायचं ते त्यानंतर. मडगार्ड तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी काढून टाकले होते. त्या संध्याकाळी फोंड्याचा मुलगा (एडमंटनला नोकरी करतो, त्याच्याशी रोज पोटभर मराठी बोलते) माझं मागचं चाक मांडीवर घेऊन तासभर स्पोक पुसत बसला होता. त्याचं स्वतःचं चाक अजून तसंच होतं.

आमच्यात नियम एकच: जो सगळ्यांत हळू, तो पुढे. व्हँकुव्हरची एक निवृत्त नर्स आहे, वय सत्तरीकडे झुकलेलं. चढावर तीच पुढे असायची आणि आम्ही तिच्या मागे. रिचर्डसन डोंगरांत वारा आडवा आला की भरलेली सायकल रस्त्यावरून ढकलली जाते, तिथे आम्ही सगळे उतरून चालत होतो, चालवण्याचा दम असलेलेसुद्धा. एवढ्या निर्जन मुलखात एकाला मागे टाकून दुसरा पुढे पोचला, तर त्या पोचण्याला अर्थ नाही, असं मला मनापासून वाटतं. ट्रकवालेही तसेच. धुरळा उडू नये म्हणून लांबूनच वेग कमी करायचे. एकाने थांबून पाण्याचा कॅन आणि संत्री दिली, आणि पुढे नदीच्या बाजूला अस्वल दिसलंय एवढं सांगून निघून गेला.

अस्वलांचं आई, घाबरू नकोस. तंबूपासून शंभर पावलं लांब स्वयंपाक करायचा, खाण्याचं सगळं जाड डब्यांत बंद करून आणखी लांब ठेवायचं. टूथपेस्टसुद्धा त्याच डब्यात. तू सुक्या सुंगटांची किसमूर बांधून देणार होतीस तेव्हा मी नको म्हटलं, ते याचसाठी. पण आमसोलं आणलीयत. गरम पाण्यात मीठ, जिरं आणि आमसूल घालून रात्री सगळ्यांना देते, आणि आता ती नर्सच भांडं पुढे करते. डास मात्र इतके की जाळी तोंडावरून काढता येत नाही. रात्र होतच नाही, सूर्य खाली येतो आणि क्षितिजावरून पुढे सरकतो. डोळ्यांवर रुमाल बांधून झोपते.

पील नदीला पूल नाही, तारेला धरून चालणारी फेरीबोट आहे, फुकट. केरीहून तेरेखोलला जाताना पुढचा फळा खाली पडला की पाय टाकायची घाई व्हायची, तशीच झाली. इथे धक्काच नाही. नदीचं पाणी वर-खाली होईल तसा काठावरचा खडीचा उतार बुलडोझरने पुन्हा पुन्हा रचतात. हिवाळ्यात बोट बंद, मग बर्फावरूनच गाड्या जातात.

पलीकडे फोर्ट मॅकफर्सन, ग्विचिन या इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. तिथल्या स्मशानात चार पोलिसांच्या कबरी आहेत. 1910 च्या डिसेंबरात ते टपाल घेऊन डॉसनला निघाले आणि वाट चुकून, उपासमारीने आणि थंडीने गेले. ग्विचिन वाटाड्याला त्यांनी वाटेतूनच परत पाठवलं होतं. 1911 च्या मार्चमध्ये त्यांना शोधून काढलं ते जॅक डेम्पस्टरने, आणि त्याच्या तुकडीत वाटाड्या होता. रस्त्याला नाव त्याचंच. लोक या भागाला ओसाड म्हणतात ते मला पटत नाही. कॅरिबूंचे, म्हणजे इथल्या रेनडिअर हरणांचे, लाखभराहून मोठे कळप ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले, त्यांची ही जमीन.

बाबा, भरावावरून चालवताना मला सारखी आपली पेडण्याची चिरेखाणीसारखी कापलेली डोंगरकूस आठवत होती. आपल्याकडे डोंगर आडवा आला की उभा कापायचा, आणि आषाढात दरड आली की पावसाला दोष द्यायचा. 2024 च्या जुलैत पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात पाणी येऊन गाड्या थांबल्या, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवणावर बसून तेच बोलत होतात. इथली माणसं फार शहाणी आहेत असं नाही म्हणत मी. पण इथे जमीन चुकीला लगेच जाब विचारते, म्हणून आधी तिचं ऐकावं लागतं. आपला जांभा सोसतो, म्हणून आपण त्याला गृहीत धरलंय. मला याचा राग येतो आणि तो जात नाही.

परवा टुक्टोयाक्टुककडे निघू. साधारण 140 किलोमीटर, पुढे आर्क्टिक समुद्र. हा तुकडा 2017 च्या नोव्हेंबरात खुला झाला. बरंचसं काम मुद्दाम हिवाळ्यात केलं, जमीन घट्ट असताना, आणि भरावाखाली आधी कापड अंथरून. तरी काही ठिकाणी रस्ता बसतोय म्हणतात, कारण आता थंडीच कमी झालीय. त्या गावचा किनाराही समुद्र खातोय.

बाबा, एक विचारायचंय. इथे रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये बर्फ साचतो, तो वाफ सोडून मोकळा करतात. तुम्ही पत्रादेवीच्या बाजूला मोऱ्या घातल्या तेव्हा पाणी कुठून येतं ते कसं ठरवायचा? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचा, असं एकदा म्हणाला होतात. कुणाला विचारलं, काय विचारलं, आठवेल तसं लिहून ठेवा. फोंड्याच्या मुलाला आणि मला दोघांनाही हवंय. चवथीला येईन तेव्हा त्या मोऱ्या दाखवायला न्या, सायकलवरून जाऊ.

तुमची,
बाय