इंग्रजीच्या गृहपाठाला शेजारी बसणारं माणूस हवं आहे

सस्नेह नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत मुलं संध्याकाळी गृहपाठ घेऊन येतात. गणित अडलं तर आपसांत डोकं लावतात. इंग्रजी अडलं की गाइड उघडतं आणि उत्तर जसंच्या तसं वहीत उतरतं. कवितेत काय म्हटलंय असं विचारलं, की मूल वहीत बघून सांगतं.

यासाठी आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासभर. शिक्षक असण्याची अट नाही, फर्ड्या इंग्रजीची तर नाहीच. (फर्डं बोलणाऱ्यांपुढे मुलं गप्प होतात, हा आमचा अनुभव.)

मागे एका मुलीने लिहिलं होतं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' लाल रेघ मारून मोकळं होता आलं असतं. पण ही चूक मराठीतून आलेली. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही. एका '-पासून'वर भागतं. इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स' आणि किती काळ ते सांगायला 'फॉर' लागतं, शिवाय 'ॲम'च्या जागी 'हॅव बीन' येतं. हे उमगल्यावर तिने स्वतःच मागची दोन पानं तपासायला घेतली.

साहित्याचंही तेच. शेक्सपिअरची सुनीतं (सॉनेट, म्हणजे चौदा ओळींच्या कविता) १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या 'दाऊ', 'दी'ला मुलं बिचकतात. 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू', 'दी' म्हणजे 'तुला', 'यू' म्हणजे 'तुम्ही'; पुढे इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून 'तू' गेलं आणि 'तुम्ही' तेवढं उरलं, असं सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग देवाला काय म्हणायचे?" जुन्या प्रार्थनांत तिथेही 'दाऊ'च, आपल्यासारखंच. त्या दिवशी गाइड दप्तरातच राहिलं.

पुस्तकंही हवी आहेत. इंग्रजी-मराठी शब्दकोश सर्वांत आधी, कारण आहे त्या एकाच कोशावर रोज ओढाताण चालते. वापराची वाक्यं दिलेले सोपे इंग्रजी कोश, व्याकरणाची पुस्तकं, कथा-कवितांचे संग्रह जुने असले तरी चालतील, पानं मात्र पूर्ण असावीत. गाइडं कृपया देऊ नयेत. रोख देणगीची पावती मिळेल. ती रक्कम कोशांसाठीच वापरू.

येणाऱ्यांना एकच विनंती: निबंध लिहून देऊ नका, पेन मुलाच्याच हातात राहू द्या. एखादा शब्द तुम्हालाही अडला तर दोघांनी मिळून कोश उघडा.

नावनोंदणी वाचनालयाच्या देवघेव टेबलावर, संध्याकाळच्या वेळात. पहिल्या दिवशी नुसतं बसून ऐकलंत तरी चालेल.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ