मागे फाळका असलेला टेम्पो आणि बिऱ्हाड हलवणारी माणसं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमची वाशीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून आम्ही भाड्याने ठाण्यात पाचपाखाडीला आलो, आणि या शिफ्टिंगमध्ये माझ्या सासूबाईंच्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांपैकी एक हरवली आणि शिसवी टेबलाचा पाय सांध्यातच तुटला. ज्यांना काम दिलं होतं त्यांचं नाव लिहायचं नाहीये, कारण तक्रार करायला हे पत्र नाही. पण त्या दिवसापासून १९८८ साली हेच टेबल चरईच्या चाळीतून वाशीला नेणारी माणसं सारखी डोळ्यासमोर येतायत, ती आता कुणाला आठवतात की नाही म्हणून लिहितेय.

तेव्हा मूव्हर्स पॅकर्स हा शब्द आमच्या कानावरही नव्हता. मार्केटच्या बाजूला टेम्पो उभे असायचे, तिथे जाऊन सांगायचं की बिऱ्हाड हलवायचंय, मग त्यातला एक जण आदल्या संध्याकाळी घरी येऊन बघून जायचा. आमच्याकडे आले ते मामा, पाटणकडचे, वय पन्नाशीच्या पुढचं, त्यांचे मोठे भाऊ माथाडी, म्हणजे बाजारात ओझं वाहणारे कामगार, मस्जिद बंदरचा कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला तसे तेही तिकडे गेलेले. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचं नाव मामा फार आदराने घ्यायचे, १९६९ चा माथाडी कायदा झाला म्हणून भावाच्या घरात पगार, रजा हे शब्द आले असं सांगायचे. मामांनी घरात फिरून काही लिहून घेतलं नाही, नुसतं जिन्याची रुंदी हाताच्या वितीने मोजली, कपाटाची मोजली, आणि म्हणाले वहिनी, कपाट जिन्याने नाही उतरणार, गॅलरीतून सोडू.

आणि खरंच सोडलं. लोखंडी गोदरेजचं कपाट, आतले कप्पे काढून वेगळे बांधले, दार कुलूप लावून किल्ली सासूबाईंच्या हातात दिली, गॅलरीच्या कठड्यावर गोणपाटाच्या चार घड्या टाकल्या म्हणजे दोरखंड लाकडाला घासायला नको आणि लाकूड कपाटाला, वरून तिघं दोर सोडतायत, खाली एक जण नुसता हात वर करून उभा, आणि मामा मधे उभे राहून एवढंच म्हणतायत, येऊ दे, येऊ दे, थांब, येऊ दे. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती पण कुणी आवाज करत नव्हतं. कपाटाला एक पोचा आला नाही. ते अजून आहे आमच्याकडे.

टेबलाचं तर मला जास्त सांगायचंय. ते जुन्या सुताराने केलेलं, कुठे स्क्रू नाही, पायाच्या सांध्यात लाकडी खुंटी मारलेली. मामांनी ते उलटं केलं, बोटाने चाचपून खुंटी कुठल्या बाजूने ठोकलीय ते शोधलं आणि दुसऱ्या बाजूने लाकडी हातोडीने हळूहळू बाहेर काढली, चारही खुंट्या फडक्यात बांधून त्यावर खडूने १, २, ३, ४ आणि तेच आकडे पायांवर. नव्या घरात वीस मिनिटांत टेबल उभं. परवा आलेल्या मुलांनी तेच टेबल आख्खं बबलच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, वरून पुठ्ठा, वरून टेप, दिसायला इतकं सुरक्षित की मीच निर्धास्त झाले, आणि मग दारातून निघेना म्हणून एका पायाला धरून तिरकं ओढलं. आत खुंटी आहे हे त्या पोराला कुणी कधी सांगितलंच नव्हतं तर त्याचा तरी काय दोष, त्याला त्या दिवशी अजून दोन घरं करायची होती, जेवलाही नव्हता, मी पोहे दिले तर उभ्याने खाल्ले.

सामान भरायचीही एक पद्धत असायची. जड ते सगळं आधी, ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून, कपाट उभं, फ्रिज उभाच, कधी आडवा नाही, आणि मामांनी बजावलेलं की नेल्यानेल्या चालू करू नका, आतलं तेल खाली बसू दे, संध्याकाळी लावा. आरसा गाद्यांच्या मधे आणि तोही उभा, आडवा ठेवलेला आरसा पहिल्याच खड्ड्यात जातो म्हणायचे. कपबश्या तुमच्याच पेपरच्या रद्दीत. शेवटी फाळक्याजवळ, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीजवळ काय, तर स्टोव्ह, बादली, तांब्या, चहासाखरेचे डबे, कारण उतरल्यावर पहिलं तेच लागतं. हे मी आजही दुसऱ्यांना सांगते. देव मात्र हमालाच्या हातात द्यायचे नाहीत, ते सासूबाईंच्या मांडीवर, आणि लोणच्याची बरणी माझ्या.

टेम्पो म्हणजे मटाडोर, निळा, ताडपत्रीचा. टेम्पो हा शब्द आपण इतका सहज वापरतो पण ते मुळात एका जर्मन कंपनीचं नाव, तिच्याबरोबर १९५८ पासून आपल्याकडे बजाज टेम्पो सुरू झाली, आधी तीन चाकी आणि मग आकुर्डीला बनणारा हा मटाडोर. कंपनीने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, त्याच साली टाटांची एस आली, जिला सगळे छोटा हाथी म्हणतात. चांगली गाडी आहे, गल्लीबोळात जाते, कितीतरी पोरांचं पोट तिच्यावर चालतं. पण मटाडोरला आणि नंतरच्या टाटांच्या ४०७ ला मागे उघडा हौदा होता, हौद्यात आम्ही बसायचो, सामानाबरोबर. आता सगळं बंद कंटेनरमध्ये जातं, दार लावलं की आत काय चाललंय कळत नाही, आपण वेगळ्या रिक्षाने पुढे.

आम्ही बसलो होतो वळकट्यांवर, मी, नणंद, शेजारची दोन मुलं उगाच हट्टाने आलेली, सासूबाई देव घेऊन पुढे केबिनमध्ये. वाशीला तेव्हा ट्रेन नव्हती, ती आली १९९२ ला, आणि ठाण्याहून थेट गाडी तर २००४ ला, त्यामुळे रस्त्यानेच, कळव्याचा पूल, विटाव्याचा तो बुटका रेल्वे पूल, तिथे मामांनी गाडी थांबवून स्वतः उतरून वर बघितलं की झोपाळ्याच्या कड्या बांधलेली दांडी लागत नाही ना, मग बेलापूर रोड, कंपन्यांचा तो उग्र वास, आणि दोन्ही बाजूला अंधार. खाडीचं वारं लागत होतं आणि चाळ सुटल्याचं रडू येत होतं, मामा हौद्यात आमच्यासमोरच एका हाताने आरसा धरून बसलेले, ते काही बोलले नाहीत, नुसती ताडपत्री ओढून वारं अडवलं.

सिडकोच्या घरात दूध उतू घातलं आणि मग पहिला चहा मामांना आणि त्यांच्या माणसांना. ज्यांनी भरलं त्यांनीच उतरवलं, त्यामुळे कुठली ट्रंक कुणाची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. परवा वाशीला भरणारी मुलं वेगळी आणि पाचपाखाडीला उतरवणारी वेगळी, कडी कुठे म्हणून विचारायला माणूसच नाही, फोनवर नंबर द्या म्हणाले, तो दिला, मेसेज आला, झालं. साडेतेरा हजार घेतले त्याचं वाईट नाही वाटत, मेहनत आहे, पण त्या पैशात एक तरी जाणता माणूस हवा होता.

माझ्या दोन मागण्या आहेत. शिफ्टिंगचा धंदा करणाऱ्यांनी जुने हमाल, टेम्पोवाले अजून ठाण्यात, कळव्यात, तुर्भ्यात घरी बसून आहेत त्यांना शोधावं आणि पोरांसोबत महिनाभर पाठवावं, खुंटी कशी काढायची, दोर कसा सोडायचा, एवढं शिकवायला, त्याचे पैसे द्यावेत. आणि तुम्ही पेपरमधून वाचकांना सांगा की घरात असे फोटो असतील, चाळीखाली उभा टेम्पो, हौद्यात बसलेली माणसं, फाळक्यावर पेंटरने काढलेलं फूल, तर पाठवा, छापा ते. आमच्याकडे एकच आहे, हललेला, पण मामांचा आरशावरचा हात स्पष्ट दिसतो, त्याची कॉपी या पत्रासोबत जोडलीय.

टेबलाचा पाय नौपाड्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे दिलाय, तो म्हणाला खुंटी शाबूत आहे, होईल. कडीचा शोध चालू आहे.

आपली नियमित वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (आधी वाशी, त्याआधी चरई)