चिंगे, जीबीएसची टेस्ट करून घे

प्रिय चिंगे,

तुझा मेसेज मिळाला. बत्तिसावा आठवडा लागला, मिडवाईफ म्हणाली सगळं नॉर्मल आहे, बाळ मस्त लाथा मारतंय, वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण मी सहज विचारलं की जीबीएसची टेस्ट कधी आहे तर तू लिहिलंस "ते काय असतं गं?" आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर आपलं निम्मं बोलणं दुसरीकडेच जातं, म्हणून सगळं लिहूनच काढते. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, एक बॅक्टेरिया. घसा धरतो तो स्ट्रेप वेगळा, तो ग्रुप ए. हा बी वाला आतड्यात राहतो, तिथून योनीमार्गात येतो आणि बहुतेक वेळा बाईला काहीच होत नाही, ना खाज, ना डिस्चार्ज, ना ताप, त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय कळायला मार्गच नाही. इथे अमेरिकेत साधारण चार गरोदर बायकांमागे एकीत सापडतो, तुमच्या इंग्लंडमध्येही पाचात एकीला तरी असतोच. आज असतो, महिन्याभराने नसतो, परत येतो. हा गुप्तरोग नाही आणि अस्वच्छतेशी तर काडीचा संबंध नाही. हे ठासून लिहितेय कारण माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा घरातल्या एका मोठ्या बाईंनी पहिलं काय विचारलं तर "अंघोळ वगैरे नीट करतेस ना?" त्या रात्री मी खूप रडले होते. तुला कुणी असं म्हणालंच तर मनाला लावून घेऊ नकोस.

प्रश्न बाळाचा असतो. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं की हा बॅक्टेरिया वर चढू शकतो किंवा बाहेर येताना बाळाच्या नाकातोंडात जातो. बहुतेक बाळांना तरीही काही होत नाही. पण काहींना होतं, आणि ज्यांना होतं त्यांना फार भराभर होतं: न्यूमोनिया, रक्तात इन्फेक्शन, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज), बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांतच. आई पॉझिटिव्ह असेल आणि लेबरमध्ये, म्हणजे कळा चालू असताना, काहीच औषध दिलं नाही तर साधारण २०० बाळांत एक आजारी पडतं, अँटिबायोटिक दिलं तर ४,००० मध्ये एक. हे सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचे आकडे आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं, कारण औषध काय तर साधं पेनिसिलिन, आपल्या आजीच्या काळातलं.

आणि हे सगळं तसं अलीकडचंच आहे बघ. हा बॅक्टेरिया आधी लोकांना माहीत होता तो गाईंच्या कासदाहामुळे, तुमच्या गोठ्यात काकांना ज्याची सारखी धास्ती असायची तोच आजार. नवजात बाळांमध्ये याचा मोठा उद्रेक अमेरिकेत १९७० च्या दशकात दिसायला लागला, तेव्हा आजारी पडलेल्या बाळांपैकी निम्मी सुद्धा जायची. मग १९८६ मध्ये शिकागोच्या बॉयर आणि गॉटॉफ या दोन डॉक्टरांनी ट्रायल करून दाखवलं की लेबर चालू असतानाच शिरेतून अँपिसिलिन दिलं तर बाळाला होणारं इन्फेक्शन थांबतं. १९९६ मध्ये सीडीसीने पहिल्या गाईडलाईन्स काढल्या, २००२ पासून सगळ्याच गरोदर बायकांची टेस्ट करायची असं ठरलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे पावणेदोनच्या आसपास बाळं पहिल्या आठवड्यात याने आजारी पडायची, २०१५ पर्यंत ते ०.२३ वर आलं. म्हणजे आज इथे कितीतरी घरांमध्ये मुलं धावतायत आणि त्यांच्या आयांना माहीतही नाही की त्या एका सलाईनने काय केलं. मला याचं खरंच भरून येतं.

माझं सांगते. धाकटीच्या वेळी छत्तिसाव्या आठवड्यात स्वॅब घेतला, एकच कापसाची काडी, आधी योनीमार्गाच्या खालच्या भागात आणि मग गुदद्वारात जराशी आत. अर्धा मिनिट लागतं, दुखत नाही, लाज वाटत असेल तर स्वतःचा स्वतः पण घेता येतो. पॉझिटिव्ह आल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं मग आत्ताच गोळ्या द्या ना, संपवून टाकू. तर त्या म्हणाल्या आत्ता घेऊन उपयोग नाही, आतड्यात तो राहतोच आणि बाळंतपणापर्यंत परत येतो, म्हणून लेबर सुरू झाल्यावरच द्यायचं, आधी मोठा डोस मग दर चार तासांनी, आणि पहिला डोस जन्माच्या निदान चार तास आधी गेलेला बरा. माझ्या कळा इतक्या पटापट वाढल्या की पहिला डोस गेल्यावर दोनेक तासांतच ती बाहेर आली. पेनिसिलिन शिरेत जाताना हात चांगलाच जळतो हे पण सांगून ठेवते, नर्सला सांग, ती सलाईनचा स्पीड कमी करते. डोस चार तास आधी गेला नव्हता म्हणून तिला जास्त वेळ हॉस्पिटलमध्ये लक्ष ठेवून ठेवलं, सारखं येऊन टेंपरेचर, श्वास, दूध पितेय का बघायचे. काही झालं नाही. पण त्या वेळात मला जो आधार वाटला तो यामुळेच की सगळ्यांना माहीत होतं कशावर लक्ष ठेवायचंय.

आता तुझ्याकडचं. इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे तुमची सरकारी आरोग्यसेवा, ही टेस्ट सगळ्यांची सरसकट करत नाही, रिस्क बघून ठरवतात: आधीच्या बाळाला हे झालं असेल, याच गरोदरपणात लघवीत किंवा स्वॅबमध्ये सापडलं असेल, दिवस भरायच्या आधी कळा आल्या असतील, लेबरमध्ये ताप असेल, तर अँटिबायोटिक देतात. त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही, पॉझिटिव्ह बायकांची बहुतेक बाळं ठणठणीत असतात, मग लाखो बायकांना अँटिबायोटिक देऊन नुकसान किती फायदा किती, म्हणून तिथे सुमारे ३ लाख २० हजार बायका धरून एक मोठी ट्रायल आखली, जीबीएस३ नावाची. ते धोरण ठरवणाऱ्यांचं काम, त्यांनी करावं. पण तुझं बाळ म्हणजे धोरण नाही ना गं. तुमच्याकडे साधारण १,७५० बाळांत एकाला पहिल्या आठवड्यात हे होतं, त्या आजारी बाळांपैकी १९ मध्ये एक जातं आणि जी वाचतात त्यांच्यात १४ मध्ये एकाला कायमचं काहीतरी मागे राहतं. जेन प्लम नावाच्या बाई आहेत, १९९६ मध्ये त्यांचा थिओ जन्मला आणि एक दिवसही पुरा व्हायच्या आत गेला. त्याच वर्षी त्यांनी ग्रुप बी स्ट्रेप सपोर्ट ही संस्था सुरू केली. त्यांची माहिती वाच, साध्या भाषेत आहे आणि घाबरवत नाहीत.

मला विचारशील तर टेस्ट करूनच घे, पोस्टाने किट मागवून प्रायव्हेट होते. ३५ ते ३७ आठवड्यांच्या मधे कर, कारण रिपोर्ट पुढचे चार-पाच आठवडेच धरता येतो. आणि ईसीएम पद्धतीची आहे ना ते बघूनच घे, त्यात बॅक्टेरिया आधी खास द्रवात वाढवतात मग तपासतात, नेहमीच्या साध्या स्वॅबमध्ये हा बरेचदा निसटतो आणि निगेटिव्ह म्हणून रिपोर्ट येतो. पॉझिटिव्ह आलं तर मिडवाईफला सांगून फाईलवर लिहूनच घे, आणि पाणी गेलं तर कळांची वाट न बघता लगेच फोन कर. तुला पूलमध्ये बाळंतपण हवंय ना, त्याला जीबीएसची आडकाठी नाही, फक्त त्या सेंटरला शिरेतून अँटिबायोटिक देता येतं का ते आधी विचार. सिझेरियन आधीच ठरलं आणि कळा किंवा पाणी जायच्या आत झालं तर जीबीएससाठी वेगळं औषध लागत नाही.

पुण्याच्या वहिनीला पण सांगू का म्हणून विचारशील, तर तिकडे सरसकट टेस्ट नाही आणि तिकडची अडचणही वेगळी आहे, आपल्याकडच्या हॉस्पिटलांत नवजात बाळांना क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टरसारखे जंतू जास्त त्रास देतात. तिने तिच्या डॉक्टरांना विचारावं एवढंच.

बाळ घरी आल्यावरचं मात्र सगळ्यांना सांगून ठेव, तिथे येणाऱ्या काकूंना पण. बाळ नीट ओढत नसेल, फारच सुस्त असेल किंवा उलट समजूत निघत नसेल, श्वास घेताना कण्हल्यासारखा आवाज करत असेल, रंग फिका-निळसर दिसत असेल, ताप असेल किंवा अंग गार पडलं असेल तर बाळगुटी नाही, शेक नाही, दृष्ट काढणं नाही, थेट हॉस्पिटल. आणि हे तीन महिन्यांपर्यंत, कारण आठवड्यानंतर होणारा जो प्रकार आहे, ज्यात मेनिंजायटिस जास्त दिसतो, तो लेबरमधल्या अँटिबायोटिकने थांबत नाही. लशीवर काम चालू आहे, दक्षिण आफ्रिकेत गरोदर बायकांवर ट्रायलही झाली, पण तुझ्या बाळापर्यंत ती यायची नाही. अंगावर पाजायला काही हरकत नाही, बिनधास्त पाज.

एक राहिलंच, आणि हे सगळ्यात आधी कर. हॉस्टेलवर असताना तू सगळ्यांना सांगायचीस की तुला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी अंगावर पुरळ आलं होतं. नक्की काय झालं होतं ते काकूंना विचार: नुसतं पुरळ होतं, की ओठ सुजले, श्वास लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं? इंग्लंडमध्ये साधं पुरळ असेल तर सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध देतात, गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर व्हँकोमायसिन, म्हणजे उपाय दोन्हीकडे आहे, फक्त त्यांना आधी कळलं पाहिजे, ऐन कळांमध्ये "मला अ‍ॅलर्जी आहे बहुतेक" असं नको. शिवाय लहानपणापासून अ‍ॅलर्जी म्हणून लिहिलेल्या बऱ्याच जणांना तपासल्यावर काहीच नसतं. काकू काय म्हणाल्या ते मला आज रात्रीच कळव, मी जागी आहे.

तुझीच,
हॉस्टेलची रूम पार्टनर